घाईबाई आणि माझा उजवा पाय

१२ मार्च

ही डायरी ड्रायव्हिंग स्कूलची आहे. आजच्या पानावर माझ्याच अक्षरात पाच शिकाऊंच्या वेळा लिहिल्यात आणि त्यातला एकही धडा झाला नाही. सगळ्यांवर काट मारली आणि खाली लिहायला घेतलं. दुसरा कागद मागायला उठावं तर पोटावरचे टाके ओढतात.

परवाच्या आदल्या दिवशी मी गाडीत शिकवत होते. सातवा महिना चालू होता, डॉक्टरांची हरकत नव्हती. स्टिअरिंगवर वकीलबाई. बाई कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करतात, पण चढावर गाडी बंद पाडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्यात. पोटात कळ आली तेव्हा मी म्हटलं, काही नाही, पुढच्या चौकात डावीकडे घ्या. मग दुसरी आली. मग सीट ओली झाली. वकीलबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अवाक्षर न बोलता गाडी हॉस्पिटलकडे वळवली. मी रस्ताभर ओरडत होते, "आरसा बघा! इंडिकेटर द्या!" आणि माझ्या बाजूचा ब्रेक दाबत होते. शिकवायच्या गाडीत आमच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो. त्यामुळे पोचायला दुप्पट वेळ लागला, असं त्या नंतर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. मला तसं वाटत नाही.

मुलगी झाली. किलोच्या आत वजन. मी अजून तिला पाहिलेलं नाही. नवरा पाहून आला. कशी आहे विचारलं तर चष्मा पुसत म्हणाला, "छान आहे. लहान आहे." एवढंच. माणूस चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांशी बडबडतो आणि इथे त्याला चार शब्द सुचेनात.

१४ मार्च

पाहिली. कोपरापर्यंत हात धुवायचे, केस टोपीत कोंबायचे, मग आत. काचेच्या पेटीत एवढंसं काहीतरी, त्याला नळ्या, वायरी, आणि मधे कुठेतरी माझी मुलगी. तिची मांडी माझ्या करंगळीएवढी आहे. मला वाटलं होतं बघताक्षणी माया दाटून येईल. मला फक्त भीती वाटली. इतकी, की मी भिंतीवर लावलेली हात धुण्याची कृती पुन्हा वाचत बसले.

पेटीवर एक पडदा आहे, त्यावर आकडे. तिच्या पायाला लाल दिवा बांधलाय, रक्तात प्राणवायू किती ते त्यावर कळतं. आम्ही उभे असतानाच आकडा उतरायला लागला आणि भोंगा झाला. माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. खाडकन! समोरचं स्टूल उडालं. सिस्टरने पेटीच्या खिडकीतून हात घालून पोरीच्या तळव्याला हलकी टिचकी मारली, आकडा चढला, आणि मग स्टूल उचलून मला म्हणाली, "बसा. यंत्र मदतीला आहे, तरी स्वतःचा श्वास घ्यायला विसरली होती. असल्या बाळांचं असंच असतं. आठवण करून द्यावी लागते."

ही सिस्टर म्हणजे वॉर्डाची मुख्य. चष्मा साखळीला, आवाज शाळेच्या घंटेसारखा. मी तिचं नाव हेडमास्तरीण ठेवलंय.

नवरा पेटीला तोंड लावून म्हणाला, "काय गं घाईबाई, एवढी काय गडबड होती?" पोरीचं नाव पडलं ते पडलंच. बारसं होईल तेव्हा होईल.

२१ मार्च

भांडण. मी आकड्यांवर डोळ्यात तेल घालून बसते, आणि हा मनुष्य पेटीशी बसून पोरीला दुकानातल्या गप्पा सांगतो. आज कोण गिऱ्हाईक आलं, कुणी चष्मा डोक्यावर ठेवून तो दुकानभर शोधला. मधेमधे गुणगुणतो. तेही बेसूर! आणि डॉक्टर तपासणीला आले रे आले की हा उठतो. "जरा चहा घेऊन येतो." रोज! डॉक्टर काय सांगतात ते ऐकायचं मी, लक्षात ठेवायचं मी, घाबरायचं मी.

आज मी बोललेच, "तुला काही वाटतं की नाही?" तो म्हणाला, "वाटतं ना." मग पुन्हा चष्मा पुसायला लागला. डोळे लाल होते. एसीने होतात म्हणे.

२८ मार्च

घशातली नळी निघाली. आता नाकाशी फक्त हवेचा झोत. श्वास तिचा तिने घ्यायचा, आणि विसरू नये म्हणून रोज औषध. कसलं, तर कॅफीन. चक्क! एवढ्याशा जिवाला डॉक्टर रोज कॉफी पाजतायत आणि नवरा मात्र खालच्या चहायंत्राकडून माझ्यासाठी एकदाही कप आणत नाही.

आणि हेडमास्तरणीने तिला माझ्या छातीवर ठेवलं. उघड्या अंगाला अंग. वर माझा सदरा, वर चादर. दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढं वजन, पण मला हलता येईना. तिचे केस ओल्या मांजरासारखे लागत होते. माझ्या गळ्यापाशी तिने तोंड फिरवलं, उसासा टाकला आणि झोपली. पडदा माझ्या पाठीमागे होता, आकडे दिसत नव्हते, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी ते बघायला मान वळवली नव्हती. मला ही पोर हवी आहे. आजवर मी हे मनातसुद्धा म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं आणि काही झालं तर काय करायचं.

६ एप्रिल

वजन किलोच्या वर गेलं! नवऱ्याने दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटावेत तशी चष्मे पुसायची फडकी फुकट वाटली म्हणे.

सासूबाई भेटायला आल्या. आत फक्त आईबापांना सोडतात, म्हणून काचेतूनच पाहिलं. त्यांनी विणलेली टोपी पोरीच्या कमरेपर्यंत येते. बाहेरच्या बाकावर बसून मी मुलाबद्दल त्यांच्याकडे तक्रार केली. म्हटलं, "आई, तुमच्या मुलाला डॉक्टर आले की चहाच आठवतो." त्या म्हणाल्या, "लहानपणापासून तसाच गं तो. त्याचे आजोबा गेले तेव्हा सारखा पाणी प्यायला मोरीत जायचा." माझ्या तक्रारीचं हे काय उत्तर झालं, मला कळलं नाही. आईला मुलाचं कौतुकच असायचं.

१९ एप्रिल

नाकाशी आता काही नाही. पेटी गेली, उघड्या पाळण्यात आली. तोंडाने दूध घ्यायचं शिकायला लागली आहे आणि तिथे घोडं अडलंय. चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, तीन कामं एका लयीत. क्लच, गिअर आणि स्टिअरिंग. पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. घाईबाई अधाशासारखी चार घोट मारते आणि श्वास घ्यायचा राहून जातो. मग ओठ फिके पडतात, मग भोंगा, मग टिचकी.

टिचकी आता मलाही मारता येते. हेडमास्तरणीने शिकवली. खरं सांगायचं तर मी ती फार चांगली मारते. भोंगा व्हायच्या आत. हयात गेली माझी या कामात, शिकाऊ चुकणार हे मला त्याच्या मानेवरून कळतं.

२४ एप्रिल

कॅफीन बंद. डॉक्टरांनी आज नियम सांगितला. कॅफीनशिवाय सलग आठवडाभर तिला कुणी श्वासाची आठवण करून द्यावी लागली नाही, तर घरी. मधे एकदा जरी मदत लागली तरी आठवडा पुन्हा पहिल्यापासून. घरी पडदा नाही, भोंगा नाही, सिस्टर नाही, तेव्हा हे तिला एकटीला यायलाच हवं.

एक आठवडा! नवऱ्याने पाळणा रंगवायला काढलाय. मला आकाश ठेंगणं झालंय.

२७ एप्रिल

दूध पिताना थांबली. टिचकी मारली, सुरू झाली. हेडमास्तरणीने तक्त्यावर लिहिलं, मदत लागली. आठवडा पहिल्यापासून.

३० एप्रिल

पुन्हा. याही वेळी मी होते म्हणून बरं. दुसरं कुणी असतं तर लक्षात यायला वेळ लागला असता. डॉक्टर म्हणाले घाई करू नका. घाई! नवरा पाळण्याला दुसरा हात देतोय. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या मुलीला श्वास घेता येत नाही आणि मला तो तिला शिकवता येत नाही. अर्ध्या गावाला गाडी शिकवली मी.

२ मे

बाहेरच्या बाकावर वकीलबाई पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. पास झाल्या! माझ्या जागी आता माझा थोरला भाऊ शिकवतो. म्हणजे शेजारच्या सीटवर बसून डुलक्या काढतो. त्याच्या हाताखाली ही बाई पास होते आणि माझ्या हाताखाली तीनदा नापास, हे मला चांगलंच झोंबलं. मी विचारलं, "दादाने असं काय वेगळं शिकवलं?"

"काहीच नाही हो. राग मानू नका मॅडम, पण शेजारी तुमचे पाय नव्हते. त्या दवाखान्याजवळच्या चढावर गाडी मागे सरकायला लागली. मी वाट बघतेय, आता लागेल ब्रेक, आता लागेल. लागेना! बघते तर दादा घोरतायत. मग काय, मारला मीच. आणि मग निघाली की गाडी."

मी अभिनंदन केलं आणि पेढा घेतला. पण बाई कृतघ्नच. शेवटी मी घोटून घेतलं होतं म्हणूनच जमलं ना?

३ मे

तिसऱ्यांदा. याही खेपेला तीनच दिवस टिकलं. पोरगी दूध पिता पिता थांबली, माझा हात तळव्याकडे गेला, टिचकी मारली, आणि मागून हेडमास्तरणीचा आवाज आला, "का मारलीत?"

"थांबली होती."

"क्षणभर थांबली होती. रंग गुलाबी होता. आकडा खाली आला नव्हता. भोंगा झाला नव्हता." तिने चष्मा नाकावर घेतला. "दोन दिवस मुद्दाम तुमच्या मागे उभी राहून बघतेय. पहिल्या वेळी तिला खरंच गरज होती. गेल्या वेळचं मी पाहिलं नाही. पण काल संध्याकाळी ती थांबली आणि तुमचा हात बाटली सावरण्यात गुंतला होता, आठवतंय? तिची ती सुरू झाली. ही बाळं मधे मधे थांबतातच. तुम्ही थांबूच देत नाही. आणि तुम्ही टिचकी मारलीत की मला 'मदत लागली' असं लिहावं लागतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "म्हणजे माझी मुलगी श्वास घ्यायची थांबल्यावर मी बघत बसू?"

"हो. बघत बसा. मी इथेच आहे. रंग उतरला तर तुमच्या आधी माझा हात पोचेल."

मी पाळण्यात पोरीला ठेवलं आणि बाहेर आले. जिन्यात बसले. राग होता तोवर बरं होतं. मग राग उतरला आणि कालच्या वकीलबाई डोळ्यासमोर आल्या, चढावर वाट बघत, आता लागेल ब्रेक, आता लागेल. तीन वेळा नापास झाल्या त्या, आणि तिन्ही वेळा मी त्यांची समजूत काढली, तुम्हाला चढाची भीती वाटते म्हणून. भीती कुणाला वाटत होती?

आणि घाईबाई? तिलाही कळून चुकलं असेल का, की थांबलं तर चालतं, आई आहे?

४ मे

सकाळचं दूध. हेडमास्तरीण माझ्या खांद्यापाशी उभी. नवरा समोर. डॉक्टर यायची वेळ झाली होती तरी तो चहाला गेला नाही.

"पायाला हात नाही," हेडमास्तरीण म्हणाली. "काही झालं तर बाटली खाली करायची, बस."

चार घोट. पाचवा. थांबली. मी बाटली खाली केली. आकडा हलला, ब्याण्णव, नव्वद. माझी बोटं वळवळायला लागली, मी ती चादरीत रुतवली. उजव्या पायाने फरशी अशी दाबली की पोटरीत गोळा आला. अठ्ठ्याऐंशी. "सिस्टर," मी म्हटलं. "गुलाबी आहे," ती म्हणाली. सत्त्याऐंशी. तिच्या छातीकडे बघत मी मनातल्या मनात म्हणत होते, घे गं, घे गं माझे आई. आणि तिने भुवया आक्रसल्या, अगदी कुणाचा तरी राग आल्यासारख्या, तोंड उघडलं, आणि घेतला! खोल, पोटभर श्वास. मग दुसरा. आकडा झरझर चढला. भोंगा व्हायची वेळच आली नाही. तिने ओठ पुढे काढून बाटली शोधायला सुरुवात केली.

मी रडत होते आणि हसत होते. नवरा म्हणाला, "शाब्बास गं माझी वाघीण!" ते तिला की मला, विचारायचं राहिलं. हेडमास्तरणीने माझ्या पायाकडे बघून सांगितलं, "फरशी दाबायला हरकत नाही. तिची नोंद होत नाही."

७ मे

काल दोनदा थांबली, आज एकदा. दर वेळी तिची ती निघाली. मी काही म्हणजे काही केलं नाही. आयुष्यात इतकं दमणूक करणारं काम केलेलं आठवत नाही. आता थांबली की मी नवऱ्याचं ऐकते. तो तिला एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत असतो, तो आवाज चालू असला की माझा हात जागच्या जागी राहतो. हे तो पहिल्यापासून करत होता. बेसूर आहे, पण चालू असतो.

११ मे

भरला! आठवडा भरला!

डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या." एवढंच वाक्य. मी पुन्हा म्हणायला लावलं. हेडमास्तरणीने तक्ता मिटला आणि त्यावर असा हात मारला, जणू मुलगी तिच्याच शाळेतून पास झाली.

वळून बघते तर नवरा गायब. चहा! मी तरातरा खाली गेले, आज बरी खरडपट्टी काढायची म्हणून. चहायंत्राच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातात कप नव्हता. चष्मा खिशात होता आणि खांदे हलत होते. यंत्रावर धूळ बसली होती, 'बंद आहे' अशी जुनी पाटी लटकत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बराच वेळ आम्ही दोघं मोठमोठ्याने रडलो, भिंतीकडे तोंड करून, आणि मग वर गेलो पोरीचं सामान आवरायला.

१२ मे

घरी. घाईबाई रंगाचा दुसरा हात दिलेल्या पाळण्यात. भिंतीवर पडदा नाही. मी पहिल्या तासात दहादा तिच्या नाकापुढे हात धरला. मग तो काढून घेतला. मग पुन्हा धरला. होईल सवय.

१७ मे

दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, केस पिंजारलेले. आम्ही दोन महिने हॉस्पिटलात होतो, त्यांना काही पत्ता नव्हता.

"अहो, हे काय चाललंय?" ते म्हणाले. "सकाळपासून कुणाचं तरी पोर कोकलतंय. दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं तर सोय नाही. चार दारं फिरून आलो, कुणी दाद देत नाही."

आतून घाईबाईने वरची पट्टी लावली. दूध द्यायला नवऱ्याला जरा उशीर झाला होता आणि बाईंना तो मुळीच मान्य नव्हता. काकांनी कानावर हात ठेवले.

मी विचारलं, "काका, तुम्हाला खाली ऐकू येतं? दार लावलेलं असताना?"

"खाली? अहो, बाहेर फाटकापाशी ऐकू येतं! छाती आहे की भाता!"

मला दारातच रडू फुटलं. काका बिचारे एकदम गडबडले, "अहो, रडू दे, रडू दे लेकराला, मी आपलं सहज विचारलं, कुणाचं आहे म्हणून."

मी डोळे पुसले, दार पुरतं उघडलं, म्हणजे त्यांना नीट ऐकू यावं, आणि म्हटलं, "आमचं आहे."